काकांचं तासाभराचं मौन

काका काच पुसायला फवाऱ्याची बाटली हातात घ्यायचे तेव्हा त्यांची तर्जनी खटक्यावर नसायची. ती बाटलीच्या अंगाला लावून सरळ ताठ ठेवलेली असायची. आधी ते काच बघायचे, मग काचेच्या पलीकडे कोण उभं आहे ते बघायचे, मग बोट खटक्यावर आणायचे, एकदा दाबायचे आणि लगेच बोट बाहेर काढायचे. गाडीत पेट्रोल भरताना तेच, ड्रिल मशीन हातात घेतल्यावर तेच, आणि कुंड्यांना पाणी घालायचा पाइप धरला तरी तेच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काकांच्या बोटाला काहीतरी झालंय. मी काकूंना हळूच विचारलं. काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बोटाला काही नाही झालेलं. डोक्याला झालंय. पिस्तूल शिकलेत."

मी तेव्हा नागपूरहून नवी नवी आले होते. वर्क व्हिसा, दोन बॅगा आणि आईने दिलेला मसाल्याचा डबा एवढं घेऊन अल्फारेटा गावातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला लागले आणि दोन वर्षं राहिले. आता मी डॅलसकडे असते, माझं स्वतःचं घर आहे, पण अजूनही फवाऱ्याची बाटली उचलली की माझं बोट आपोआप सरळ होतं. नवरा हसतो. त्याला काका ठाऊक नाहीत, म्हणून हसतो.

काका मूळचे पुण्याचे. यावर मी जास्त काही बोलणार नाही, कारण मी नागपूरची आहे आणि लोक म्हणतील मुद्दाम बोलते. पण एखादी गोष्ट दुसरा माणूस करत असताना ती गप्प बसून बघणं त्यांना जमत नसे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केळं कुठल्या टोकाकडून सोलावं, डिशवॉशरमध्ये वाट्या कुठल्या दिशेला तोंड करून ठेवाव्यात, कुलूप लावल्यावर ते किती वेळा ओढून बघावं, या सगळ्याची त्यांच्याकडे एक पद्धत होती. आणि ती सांगण्याआधी ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "चुकलं असं म्हणत नाही मी, फक्त बरोबर कसं असतं ते सांगतो." महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भर आरतीत त्यांनी हात वर करून एक शब्द दुरुस्त केला होता. टाळ थांबले, झांजा थांबल्या, तबकातला कापूर विझायला आला, तरी काका तो शब्द सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेऊनच खाली बसले. दुसऱ्या वर्षी कमिटीने त्यांना आरतीच्या वेळी पार्किंगची व्यवस्था बघायला दिली. तिथेही लोकांना गाड्या दोन-दोनदा लावाव्या लागल्या.

त्यांच्याकडे एक लॅमिनेशनचं मशीन होतं आणि तेच त्यांचं खरं शस्त्र होतं असं मला वाटतं. माझ्या बाथरूममध्ये नळाशेजारी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली सूचना होती, 'गरम पाणी डावीकडे. दोन मिनिटं धीर धरावा.' मायक्रोवेव्हवर एक, गराजच्या दारावर एक, आणि कचऱ्याच्या डब्यावर तर आठवड्याच्या वारांप्रमाणे तीन. मी आल्यावर महिन्याने माझ्या दारावर एक नवीन लागली, 'जिना उतरताना चपला फटफट करू नयेत.' माझं नाव नव्हतं, पण जिना उतरणारी त्या घरात मी एकटीच होते.

काकू सांगलीच्या. त्या इथल्या लायब्ररीत मुलांच्या विभागात अर्धवेळ काम करायच्या. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. काकांशी त्या कधी वाद घालायच्या नाहीत. त्यांची एकच रीत होती: काका जी गोष्ट शिकवायला लागतील, ती गोष्ट त्या शांतपणे सोडून द्यायच्या. कॅमेरा असा सुटला, बॅडमिंटन असं सुटलं, टॅक्सचे फॉर्म भरणं असं सुटलं. पोहण्याची गोष्ट तर वसाहतीत सगळ्यांना माहीत होती. काका स्विमिंग पूलच्या काठावर उभे राहून हातातल्या लॅमिनेट केलेल्या कागदावरून पायांची क्रिया वाचून दाखवत होते, काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. सातव्या सूचनेला काकू पाण्याबाहेर आल्या, टॉवेल घेतला आणि घरी गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या पूलकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी काका कचरा टाकायला बाहेर पडले तर पूलमध्ये कोणीतरी सुरेख, संथ हात मारत चाललं होतं. काका कौतुकाने बघत उभे राहिले. ते कोणीतरी टोकाला पोचून डोकं वर काढतं तो काकू. लायब्ररीतल्या एका मुलीकडून त्या महिनाभरात शिकल्या होत्या. काकांनी हा प्रसंग मला स्वतः सांगितला आणि शेवटी म्हणाले, "श्वास मात्र उजवीकडूनच घेत होती." पण हे म्हणताना त्यांचा आवाज पडला होता.

आता हा असा माणूस पिस्तुलाकडे वळला कसा? हा माणूस घरात कोळी दिसला तर त्याच्यावर ग्लास पालथा घालून, खाली पोस्टकार्ड सरकवून, त्याला अंगणात सोडून यायचा. तर झालं असं, की ऑफिसच्या मॅनेजरने टीमला आउटिंगला नेलं ते शूटिंग रेंजवर. काका एका कोपऱ्यात उभे होते. कोणीतरी आग्रह केला म्हणून दहा गोळ्या मारल्या आणि आठ काळ्या वर्तुळात गेल्या. सगळे थक्क. मला त्यात नवल वाटत नाही. नेमबाजी म्हणजे तीच गोष्ट त्याच पद्धतीने, न कंटाळता, केसाइतकाही फरक न करता पुन्हा पुन्हा करणं. काका जन्मभर हेच करत आले होते, फक्त पहिल्यांदाच त्याचा कोणाला त्रास झाला नाही.

मग दर शनिवारी सकाळी काका रेंजवर जायला लागले. नेम धरायचे कागद ते फक्त गोल वर्तुळांचेच घ्यायचे. माणसाच्या आकृतीचा कागद मिळायचा तो त्यांनी कधी लावला नाही. कागदाचा असला तरी माणसावर नेम धरायचा नाही, असं ते सांगायचे आणि यात त्यांना विनोद मुळीच चालत नसे. पिस्तूल घरात येताच तिजोरी आली. टीव्हीचा रिमोट कोणी त्यांच्याकडे रोखला तर ते बाजूला सरकायचे आणि हाताने रिमोटचं तोंड जमिनीकडे वळवायचे. जेवायला आलेल्या एका पाहुण्याने बोलता बोलता काकडी रोखली होती, तेव्हाही सरकले.

भोकं पडलेले कागद ते घरी आणून फ्रिजवर लावायचे. काकू येता-जाता "छान" म्हणायच्या. एकदा त्यातल्या सर्वांत चांगल्या कागदाच्या पाठीवर काकूंनी वाणसामानाची यादी लिहिली आणि कागद दुकानात विसरून आल्या. त्या दुपारी काका अंगणात पानं गोळा करत होते, मी पिशवी धरून उभी होते. तेव्हा ते एकदम म्हणाले, "अगं, आम्ही दोघं एका घरात वेगवेगळे फार छान राहतो. मुलगा सिअॅटलला गेल्यापासून तर आवाजही नाही. मी एकटा मारतो, एकटा मोजतो आणि एकटा परत येतो. चांगली लागली गोळी तर मागे वळून बघावं, तर मागे कोण? सोबत्यासाठी आखलेली रिकामी पिवळी रेघ." मग लगेच त्यांनी मला पिशवीचं तोंड कसं धरायचं ते सांगितलं. पण मला ते बोलणं लागलं. त्यांना काकूंना नेमबाज करायचं नव्हतं, त्यांना शनिवारी सोबत हवी होती. आणि ती मिळवण्याचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता, शिकवणं. ज्या मार्गाने काकू आजवर प्रत्येक गोष्टीतून निघून गेल्या होत्या, तोच.

पुढचे सहा महिने त्या घरात जे चाललं ते आठवून मी अजूनही एकटी हसते. काकांनी काकूंसाठी गोळीचा आवाज अडवायला कानावर लावायचे तीन प्रकारचे मफ आणले. सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी मालिका बघताना ते लावून बसायचं, असं ठरलं. काकू निमूट लावून बसल्या. त्यांना त्याचे फायदे लवकरच कळले. काका शेजारी बसून श्वासाबद्दल, खांद्याबद्दल, पायांमधल्या अंतराबद्दल बोलत असायचे आणि काकू समोर मालिकेची सबटायटल्स वाचत आनंदात असायच्या. मग काकांनी 'शूटिंगचे चोवीस नियम' लॅमिनेट केले, मोठ्या ठळक अक्षरात. काकूंनी ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. मापाला अगदी बरोबर बसलं. मी रोज सकाळी चहा करायला वर जायची तेव्हा ते झाकण उचलायची आणि ठेवायची, त्यामुळे चोवीस नियम काकूंच्या आधी मलाच पाठ झाले.

शेवटी काकूंनीच एक दिवस तोडगा काढला. आम्ही तिघं जेवत होतो. काकूंनी भाजी वाढली, बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी येते. एक शनिवार येते, एकच तास. शिकवायला तिथल्या बाई असतील. तुम्ही मागे उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. एक जरी शब्द काढलात तर मी परत कधी येणार नाही, आणि तुम्हीही मला पुन्हा कशासाठीच विचारायचं नाही. ना पोहायला, ना फिरायला, ना कुठे."

काकांनी घास खाली ठेवला. खुणेने चालेल का, असं विचारलं. काकूंनी नाही म्हटलं. खोकला? तोही ज्याने त्याने समजून खोकायचा. काका पाणी प्यायले आणि त्यांनी कबूल केलं.

पंच म्हणून काकूंनी माझं नाव घेतलं. माझ्यासारखा तटस्थ माणूस दुसरा नव्हता, कारण माझ्या व्हिसावर बंदुकीला हात लावायची मुभाच नाही. ही माहिती मला अर्थातच काकांनी दिली होती, मी घरात आले त्याच दिवशी, नियम वाचून दाखवून. रेंजवर एका लेनमागे, म्हणजे नेम धरायच्या एका खणामागे, एकच सोबती आत उभा राहू शकतो, तेव्हा मी बाहेर बाजूच्या काचेमागे बसणार होते. आतलं मला काही ऐकू येणार नव्हतं. काकू म्हणाल्या, ऐकायचं काय आहे, ओठ हलले की नाही ते बघ.

तो शनिवार यायच्या आधी खंडेनवमी आली. काकू दरवर्षी देवघरासमोर पाट मांडून घरातली सगळी हत्यारं पुजायच्या, विळी, सुऱ्या, शिवणयंत्र, काकांचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, आणि लॅमिनेशनचं मशीनही. त्या वर्षी त्यांनी पिस्तूल मागितलं. म्हणाल्या, हातात धरायचंय तर आधी पूजा करायला नको? काकांना भरून आलं. त्यांनी ते तिजोरीतून काढलं, रिकामं असल्याची तीनदा खात्री केली, नियमाप्रमाणे वरचा भाग मागे ओढून उघडा अडकवला, म्हणजे आत काही नाही हे कोणालाही दिसावं, आणि भिंतीकडे तोंड करून पाटावर ठेवलं. काकूंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून अक्षता टाकल्या. चांगल्या मूठभर, मनापासून टाकल्या. दसऱ्यापर्यंत काकांना हात लावायची परवानगी नव्हती. दसऱ्याला काका ऑफिसात असताना काकूंनीच ते फडक्याने पुसून, वरचा भाग तसाच उघडा ठेवून डब्यात घातलं आणि तिजोरीत ठेवलं. आणि शनिवारी तर कशालाच हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. म्हणजे जो माणूस दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतो, त्याने त्या पिस्तुलाकडे दसऱ्यानंतर एकदाही बघितलं नव्हतं.

शनिवारी जाताना गाडी काका चालवत होते. करार रेंजच्या दारापासून लागू होता, त्यामुळे वीस मिनिटांत त्यांनी चोवीस नियम दोनदा सांगितले, आणि लाल सिग्नलला थांबल्यावर पुरवण्या दिल्या. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. दारात पोचल्यावर काकांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढली, मूठभर खडे तोंडात भरले, ओठ मिटले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या, पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आणि काकूंना पहिल्या मिनिटापासून हनी म्हणायला लागल्या. आतलं बोलणं काकूंनी मला नंतर सांगितलं, मी काचेतून फक्त बघत होते. बाईंनी उभं कसं राहायचं ते दाखवलं, पकड दाखवली, पाच गोळ्या भरून दिल्या आणि वरचा भाग सोडायला सांगितला. तो पुढे आला आणि बोटभर अंतरावर अडला. बाईंनी गोळ्या काढल्या, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांना त्या क्षणी सगळं उमगलं होतं, पाट, उघडं पिस्तूल, मूठभर अक्षता. डोळे मोठे झाले, दोन्ही हात पाठीमागे गेले आणि एकमेकांना घट्ट धरून राहिले. ओठ मात्र मिटलेले.

बाईंनी बॅटरी लावून आत बघितलं, एक पातळ सळी घातली, पिस्तूल तिरकं केलं आणि तळहातावर काहीतरी पडलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा. मग दुसरा. त्यांनी ते चष्मा वर करून बघितले आणि काकूंना विचारलं की हे काय आहे. काकूंच्या इंग्रजीत अक्षतांना शब्द नव्हता. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "ब्लेसिंग."

बाई म्हणाल्या, "वेल हनी, युवर ब्लेसिंग इज स्टक."

आणि दोघी हसायला लागल्या. काकूंना मी असं हसताना कधीच बघितलं नव्हतं, खांदे हलत होते, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा वाफेने धूसर झाला होता. बाईंनी ते दोन दाणे फेकले नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवले. काका मागे पिवळ्या रेघेवर उभे होते आणि आणखी एक खडा तोंडात टाकत होते.

काकूंची पहिली गोळी डोळे मिटून गेली. डोळे उघडले तर कागदाच्या कडेला भोक पडलेलं. त्या मागे वळून बघायला निघाल्या, बाईंनी त्यांना पिस्तुलाचं तोंड समोरच ठेवायला लावलं. दुसरी गोळी आत सरकली, तिसरी अजून आत. नववी काळ्या वर्तुळात गेली तेव्हा काकूंनी पिस्तूल नीट खाली ठेवलं, मागे वळल्या आणि काकांकडे बघून अंगठा वर केला. काकांनी नुसती मान डोलवली. त्यांच्या गालात खडीसाखर होती आणि डोळ्यांत पाणी.

पण ते गप्प राहणं बघवत नव्हतं हो. काकू मागे झुकून उभ्या राहत होत्या, हे मलासुद्धा काचेमागून कळत होतं. त्या झुकल्या की काका चवड्यांवर उभे राहायचे. त्यांनी डावा डोळा मिटला की काका दोन्ही डोळे ताणून उघडायचे. त्यांनी श्वास रोखला की काका जोरात सोडायचे. प्रत्येक चुकीला एक खडा, या हिशेबाने अर्ध्या तासात पुडी संपत आली, तेव्हा शेवटचा खडा गालात धरून ते नुसते छताकडे बघू लागले. मी घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटं झाली, ओठ हलले नव्हते. मला देवाशप्पथ वाटलं की हा माणूस जिंकणार.

काकू रंगात आल्या होत्या. त्यांनी बाईंना विचारलं, जरा मोठं चालवून बघू का? बाईंनी काउंटरवरून दुसरं पिस्तूल आणलं, थोडं दणकट. त्यात गोळी सुटली की वरचा लोखंडी भाग आणखी जोरात मागे येतो. काकूंनी ते उचललं आणि पकडायच्या नादात त्यांचा डावा अंगठा वर चढून त्या लोखंडाच्या थेट मागे जाऊन बसला. दुधाच्या झाकणावरचा अकरावा नियम. गोळी सुटली असती तर अंगठा फाटला असता. बाई काकूंच्या उजव्या हाताला उभ्या होत्या, त्यांना तो दिसत नव्हता. काकूंचं बोट खटक्यावर गेलं.

मी काचेवर हात आपटला. तो कोणाला ऐकू गेला नाही. त्याच क्षणी काकांचं तोंड उघडलं. उरलेला एक खडा बाहेर उडाला. काचेमागे मला काही ऐकू आलं नाही, पण तो शब्द मला दिसला.

"अंगठा!"

बाईंना मराठी येत नव्हतं, पण रेंजवर कोणी ओरडलं की आधी सगळं थांबवायचं हा तिथला कायदा. त्यांनी हात वर केला, जोरात हाक दिली, आणि पाचही लेनमधल्या लोकांनी पिस्तुलं खाली ठेवली आणि मागे सरकले. दाढीवाले, टोपीवाले, सगळे काकांकडे बघत उभे राहिले. बाईंनी काकूंच्या हाताकडे बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि अंगठा उचलून जागेवर आणून ठेवला. काकूंनी अंगठ्याकडे बघितलं. मग मागे बघितलं.

चुकलं असं म्हणत नाही वगैरे काही नाही. काकांनी मफ काढले, बाकावर ठेवले आणि दार उघडून बाहेर माझ्याकडे आले. म्हणाले, "बोललो. एक शब्द. लिहून घे." आणि पार्किंगकडे निघून गेले.

मी दोन मिनिटं तिथेच बसले. मला वाटलं, आता काकू येतील, टॉवेल घेऊन घरी निघाल्या होत्या तशा. पण काकू आल्या नाहीत. मागे न वळता मारत राहिल्या. मग मी काकांकडे गेले. ते गाडीत बसले होते, ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर. हात मांडीवर. मला काहीतरी बरं बोलायचं होतं, म्हणून म्हटलं की हा शब्द धरायचा नाही, मी पंच आहे, मी ठरवीन. ते म्हणाले, "नको. ठरलं ते ठरलं. ती आता येणार नाही." मग विचारलं, "अंगठा नीट बघितलास ना तू? कुठे लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," असं म्हणून ते समोरच्या झाडाकडे बघत राहिले. त्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला रडू येत होतं.

वीस मिनिटांनी, तास पुरा करून, काकू आल्या. हातात डबा, काखेत गुंडाळलेला कागद. डबा मागे नीट ठेवला, काकांकडून किल्ली घेतली, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि आरशातून मला विचारलं, "काय गं पंच, बोलले ना?"

मी म्हटलं, "हो काकू. एकच शब्द."

"मलाही ऐकू आला," काकू म्हणाल्या. किल्ली हातातच होती. "अहो, चौतीस वर्षं तुम्ही मला चुकलं म्हणून थांबवत आलात. आज लागेल म्हणून थांबवलंत. आणि ते करताना आपलं काय जाणार आहे हे माहीत होतं तुम्हाला."

तास संपला होता, पण काका अजून झाडाकडेच बघत होते.

काकूंनी काखेतला कागद काढला, उलगडला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. बरीच भोकं होती, काही कडेला, काही काळ्या वर्तुळात, एक तर अगदी मधोमध. "पुढच्या शनिवारी बाईंनी परत बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा आता सांगा. पहिल्या गोळीपासून सांगा."

काकांनी आधी काकूंकडे बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे. त्यांना हा सापळा वाटत होता. मी मान हलवली. मग त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि कडेच्या भोकावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाले, "ही पहिली. इथे तू डोळे मिटलेस."

"मिटले," काकू म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या गोळीला त्यांचा आवाज जरा वर आला, चौथीला नेहमीसारखा झाला. सातवीला ते खांद्यावर आले, आठवीला पायांमधल्या अंतरावर. हायवेला लागलो तेव्हा त्यांनी काकूंचा श्वास कुठे अडला आणि कुठे सुटला हे सगळं भोकांवरून वाचून दाखवायला सुरुवात केली होती. काकू मध्येच "असं होय?" म्हणायच्या, मध्येच "परत सांगा" म्हणायच्या. मी मागे बसून ऐकत होते.

घराकडे वळायचा आमचा एक्झिट आला. काका अकराव्या भोकावर होते. काकूंनी सिग्नल दिला नाही, लेन बदलली नाही, आणि गाडी तशीच सरळ पुढे जाऊ दिली.